यूएसबी साधनांची निद्रा व जागृती : लिनक्समधील व्यवस्था

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा उच्चदाब वाहिन्या बंद पडल्यानंतर मुंबई व ठाणे परिसराच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला. साथीमुळे त्या काळी ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील अनेक घरांत नोकरी आणि अध्ययन ही दोन्ही संगणकावरच चालत. मुंबई विद्यापीठास त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी लॅपटॉप किती काळ तग धरील, हे केवळ बॅटरीवर नव्हे, तर त्यास जोडलेली साधने किती वीज घेतात यावरही अवलंबून असते.

यूएसबी २.० च्या मानकानुसार साधनास ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो. मार्ग ३ मिलिसेकंद निःशब्द राहिला की साधनाने निद्रावस्थेत जावे व तेथे फार तर २.५ मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा, असा दंडक आहे. बचतीचे मूळ या अंतरात आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक साधनाच्या ‘पॉवर’ या फोल्डरात ‘कंट्रोल’ नावाची फाईल असते. तीत ‘ऑन’ लिहिल्यास साधन सतत जागे राहते. ‘ऑटो’ लिहिल्यास काम नसता ते आपोआप निजते. त्यापूर्वी किती वेळ थांबावयाचे, तो अवधी निराळ्या फाइलीत असून मुळात २००० मिलिसेकंदांचा असतो. हब वगळता बहुतेक साधने कर्नल प्रथम ‘ऑन’ ठेवते. कारण काही साधने निजल्यावर नीट जागी होत नाहीत. काही माउसची तर पहिली हालचालच वाया जाते.

‘वेकअप’ ही फाईल याहून भिन्न होय. संपूर्ण संगणक निद्रिस्त असता त्यास उठविण्याची मुभा साधनास आहे की नाही, एवढेच ती ठरविते. कीबोर्डला ही मुभा सामान्यतः असते. परंतु तो ज्या नियंत्रकास जोडला आहे त्यासही ती असावी लागते, एरवी हाक वर पोहोचत नाही. उलट, माउसला ती दिल्यास टेबलास लागलेल्या धक्क्यानेही संगणक जागा होऊन बॅटरी व्यर्थ खर्ची पडू शकते.

या फाइलींतील बदल संगणक पुन्हा सुरू करताच लोप पावतात. ते टिकवावयाचे तर ‘युडेव्ह’च्या नियमांत नोंदवावे लागतात. तत्पूर्वी एकेक साधन ‘ऑटो’वर ठेवून पारखून घेणे इष्ट. कॅमेऱ्यासारखे क्वचित लागणारे साधन निजू द्यावे. जे जागे होताना अडखळते, ते मात्र जागेच ठेवावे.