बर्फाखालची दहा मिनिटे

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रेव्हलस्टोक गावाजवळ बोल्डर माउंटन हा डोंगर आहे. १३ मार्च २०१० रोजी तिथे सुमारे २०० जण स्नोमोबाइल घेऊन जमले होते. उतारावर सर्वांत उंच कोण चढतो, ही या छंदातली आवडती चढाओढ. काही जण गाडी वर दामटत होते, बाकीचे पायथ्याशी थांबून पाहत होते. वरचा बर्फ सुटला तो थेट या घोळक्यावर आला. दोघांचा जीव गेला, तीसहून अधिक जखमी झाले.

गाडीच्या आवाजाने हिमस्खलन होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. आवाजात तेवढा जोर नसतो. घात करतो तो भार. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, तर वरची हवा गोठवणारी. या फरकामुळे थरातली वाफ वर सरकते आणि तळाचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. त्यावर पुढे नवा, घट्ट बर्फ साचतो. म्हणजे साखरेच्या थरावर फरशी ठेवल्यासारखे होते. स्वारासह तीनशे किलोच्या घरातली गाडी त्यावर गेली, की तळचा थर ढासळतो आणि फरशी तुटून घसरते. बहुतेक जीवघेणी हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि दहापैकी नऊ वेळा ती अडकलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेली असतात.

बर्फ थांबला की तो काही क्षणांत आवळून बसतो. पूर्ण गाडलेल्या माणसाला हातही हलवता येत नाही. थंडीने मृत्यू येतो असे वाटते, पण बहुतेकांचा जीव गुदमरून जातो. काही जण झाडाखडकांवर आपटून दगावतात. श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडापाशीच साठतो आणि तोच पुन्हा आत घेतला जातो. स्वित्झर्लंडमधील नोंदी सांगतात, की पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तिघांवर येते. बचाव पथकाचे हेलिकॉप्टर एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. वाचवू शकतात ते फक्त सोबतचे मित्र.

म्हणून आडवाटेला जाणाऱ्या प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून अंदाज घेण्याची लांब घडीची सळई आणि धातूचे फावडे. ट्रान्सीव्हर अंगावर आणि बाकीचे पाठीवरच्या पिशवीत असावे. गाडीच्या डिकीत ठेवले, तर तेही गाडीबरोबर गाडले जाते. शोध घेताना बाकीच्यांनी आपले ट्रान्सीव्हर संदेश घेण्याच्या स्थितीत आणायचे, इंजिने बंद करायची आणि मोबाइल यंत्रापासून दूर ठेवायचे. अशा वेळी सूचनापत्रक वाचत बसायला सवड नसते, म्हणून सराव आधीच झालेला असावा लागतो.

दुसरी शिस्त त्याहून सोपी आहे. उतारावर एका वेळी एकच गाडी न्यायची. इतरांनी बर्फ येऊन थांबेल त्या पट्ट्याबाहेर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायची. एखाद्याची गाडी रुतली, तरी मदतीला दुसरी गाडी त्याच उतारावर धाडायची नाही. सगळेच गाडले गेले, तर खणणार कोण?

गुलमर्गला सुट्टीत जाणारे मराठी पर्यटकही स्नोमोबाइलवर बसतात. ठरलेल्या सौम्य वाटेवर हा धोका बराच कमी असतो. मात्र ताज्या बर्फवृष्टीनंतर हिमस्खलनाचा इशारा असेल, तर फोटोसाठी गाडी ‘अजून थोडी वर’ न्यायला चालकाला भरीस घालू नये. त्याने नकार दिला, तर घासाघीस न करता मान्य करावा.