यंत्रमानव : विकत की भाड्याने?

घरात लग्न निघाले की मांडव, खुर्च्या, मोठी पातेली आपण भाड्याने आणतो. विकत घेत नाही. का बरे? कारण त्या वस्तूंचे काम दोन दिवसांचे. एरवी ती पातेली ठेवायची कुठे? त्यांना कल्हई कोण करणार? मळणीयंत्राचेही तसेच. सुगीत ते खळ्यावर येते, काम करते आणि पुढच्या गावाला जाते. शेतकरी पोत्यामागे किंवा तासामागे पैसे मोजतो. यंत्र बिघडले तर ती काळजी यंत्रवाल्याची.

आता हीच रीत एका अगदी नव्या यंत्राला लागू झाली आहे. त्या यंत्राचे नाव यंत्रमानव. परदेशांत काही धंदेवाले यंत्रमानव विकत न घेता भाड्याने आणू लागले आहेत. यात फायदा कोणाचा, आणि सावध कोणी राहायचे, ते आपण पाहू.

यंत्रमानव म्हणजे काय?

कारखान्यात रोबो पुष्कळ वर्षांपासून आहेत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६१ साली पहिला रोबो कामाला लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग तो उचलून ठेवी. पण तो होता नुसता एक हात. जागेवर पक्का बसवलेला.

यंत्रमानवाला दोन हात असतात. बहुतेकांना दोन पायही असतात. माणसाचाच आकार कशाला? कारण आपले जिने, दारे, फळ्या, खोकी, सारे माणसाच्या मापाने बांधलेले आहे. तिथे वावरायचे तर माणसासारखा बांधा सोयीचा. डोळ्यांच्या जागी त्याला कॅमेरे असतात. मेंदूच्या जागी संगणक असतो. अंगात बॅटरी असते. ती संपली की काम थांबले. मग तिला वीज पाजावी लागते.

गोदामातला हमाल

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात फ्लॉवरी ब्रँच नावाचे गाव आहे. तिथे जीएक्सओ ही कंपनी कपड्यांचे एक मोठे गोदाम चालवते. जून २०२४ मध्ये तिने अॅजिलिटी रोबोटिक्स या कंपनीशी काही वर्षांचा करार केला. करार यंत्रमानवांचा. त्या यंत्रमानवाचे नाव डिजिट. तो सुमारे १६ किलो वजन उचलतो. गाड्यांवरची प्लास्टिकची खोकी उचलायची आणि सरकत्या पट्ट्यावर ठेवायची, हे त्याचे काम.

जीएक्सओने डिजिट विकत घेतला नाही. यंत्र आणि ते चालवणारी संगणकाची व्यवस्था, दोन्ही सेवा म्हणून घेतली. सेवेचे पैसे द्यायचे, यंत्र ज्याचे त्याचे.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत तिथे डिजिटने एक लाखाहून जास्त खोकी हलवली. आकडा मोठा दिसतो. पण भागाकार करून पाहा. करारापासून साधारण सतरा महिने झाले होते. म्हणजे दिवसाला सरासरी दोनशेच्या आसपास खोकी. आपल्याकडच्या सराईत हमालाला हे काम जड वाटायचे नाही. म्हणजे यंत्र अजून शिकते आहे. शिकाऊ यंत्रात सगळी पुंजी कोण घालणार? म्हणून भाडे.

भाड्याने का घेतात?

पहिले कारण, मोठी रक्कम एकदम लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरता येतात.

दुसरे कारण, ही यंत्रे फार लवकर जुनी होतात. फिगर नावाच्या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घ्या. तिने ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रमानवाचा दुसरा नमुना दाखवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिसरा आला. चौदा महिन्यांत नवा जुना झाला! ज्याने विकत घेतला त्याच्या गळ्यात जुना राहतो. भाडेकरू तो परत पाठवतो.

तिसरे कारण, दुरुस्ती. असले यंत्र आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीला उघडता येत नाही. करार नीट असेल तर दुरुस्ती मालकाच्या माथी.

ही युक्ती जुनीच आहे. कागदाच्या प्रतीला आपण झेरॉक्स म्हणतो ना? त्या कंपनीने १९५९ साली आपले प्रसिद्ध यंत्र पुढे आणले. यंत्र महाग होते. म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने देऊ केले. महिन्याला दोन हजार प्रती त्यातच. त्यापुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट जास्त. नको झाले तर पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. यंत्र घरोघर नाही, पण कचेरीकचेरीत गेले. जपानातही १९८० साली रोबो भाडेपट्ट्याने देणारी कंपनी मुद्दाम काढली गेली. लहान कारखानदारालाही रोबो परवडावा, हा हेतू.

हिशेब करून पाहू

वन-एक्स ही कंपनी नॉर्वेत सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने निओ नावाच्या यंत्रमानवाचे दर सांगितले. विकत घ्यायचा तर २०,००० डॉलर. महिन्याने घ्यायचा तर ४९९ डॉलर. हा यंत्रमानव घरकामासाठी आहे. पण हिशेबाची रीत धंद्यालाही तीच.

वीस हजारांना ४९९ ने भागा. उत्तर येते चाळीस. म्हणजे चाळीस महिने, किंवा तीन वर्षे चार महिने. तेवढ्या काळात भाड्यापोटी पुरी किंमत गेली. यंत्र मात्र आपले झाले नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. हप्ता आणि भाडे एक नव्हे. हप्ते फिटले की वस्तू आपली होते. भाडे कितीही वर्षे भरा, वस्तू दुसऱ्याचीच.

मग विकत घ्यायचं की भाड्यानं? यंत्र चाळीस महिन्यांच्या पुढे नीट चालेल आणि रोज काम असेल, तर विकत घेणे स्वस्त. तेवढे टिकण्याची खात्री नसेल, किंवा काम थोड्या दिवसांचे असेल, तर भाडे बरे.

चीनमधली गोष्ट

नुसते भाडे देणाराच फसतो असे नाही. भाड्याने देणाराही फसतो. जानेवारी २०२५ मध्ये चिनी नववर्षाच्या कार्यक्रमात युनिट्री कंपनीचे सोळा यंत्रमानव टीव्हीवर नाचले. हातरुमाल गरगर फिरवत नाचले. लगेच सगळ्यांना यंत्रमानव हवासा झाला. दुकानाचे उद्घाटन, प्रदर्शन, लग्नसमारंभ, जिथे तिथे त्याला बोलावणी येऊ लागली.

या कंपनीच्या जी-१ नावाच्या लहान यंत्रमानवाची किंमत होती ९९,००० युआन. एका दिवसाचे भाडे दहा हजार युआनपर्यंत आणि त्याच्याही वर गेले. दहा दिवसांत यंत्राची किंमत वसूल! मग काय, अनेकांनी यंत्रे घेतली आणि भाड्याने लावली. पण यंत्रे वाढली तशी भाडी उतरली. लोकांची नवलाई थोडी ओसरली. एका दिवसासाठी भाड्याने नेणाऱ्याचे काही बिघडले नाही. ज्याने दहा दिवसांच्या आशेवर यंत्र घेतले, त्याला पैसे सुटायला वाट पाहावी लागली.

हमालाचे काय?

आता खरी गोष्ट. यंत्र विकत घ्यायचे म्हटले की मालक दहादा विचार करतो. भाड्याने मिळाले की विचार लवकर होतो. एका बाजूला यंत्राचे महिन्याचे भाडे. दुसऱ्या बाजूला माणसाचा महिन्याचा पगार. दोन आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. म्हणून हा प्रश्न नुसता धंदेवाल्याचा नाही. राबणाऱ्याचाही आहे.

हे दोन आकडे मांडताना हिशेब पुरा हवा. भाडे म्हणजे सगळा खर्च नव्हे. वीज लागते. यंत्रावर नजर ठेवायला माणूस लागतो. दोन पायांचे यंत्र तोल जाऊन माणसावर पडू नये म्हणून डिजिटला वेगळी जागा आखून दिली होती. ती जागाही खर्चातच धरायची. शिवाय माणूस खोकी उचलतो, फुटलेले खोके बाजूला काढतो, नव्या पोराला काम शिकवतो, आग दिसली तर ओरडतो. यंत्र शिकवलेले तेवढे करते. ज्याला हा हिशेब मांडता येतो, त्याला मालकापुढे बोलता येते. म्हणून कामगारानेही तो शिकावा.

सही करण्याआधी

यंत्र कुठलेही असो, भाड्याचा कागद वाचल्याशिवाय सही करू नये. वाचताना हे प्रश्न विचारावेत.

१. भाडे महिन्याचे, तासाचे, की कामाच्या नगाचे?
२. यंत्र बंद पडले तर त्या दिवसांचे भाडे द्यायचे का?
३. दुरुस्ती कोणाची, आणि किती दिवसांत?
४. नको झाले तर नोटीस किती दिवसांची? अनामत परत मिळते का?
५. कोणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार? विमा कोणाचा?
६. यंत्राचे कॅमेरे जे पाहतात ती चित्रे कोणाकडे जातात?
७. मुदत संपल्यावर भाडे वाढणार का?

सात प्रश्न, सात उत्तरे. उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत. विक्रेता म्हणेल, "अहो, त्यात काय वाचायचंय? सगळीकडे तसंच असतं." तरी वाचा. समजले नाही तर जाणत्या माणसाकडून समजून घ्या. एक दिवस उशीर झाला तरी चालेल. सही एका क्षणात होते. तिचे देणे मात्र महिनोन्‌महिने चालते.