घरी बांधलेल्या मोटारीचे इंजिन : वाढ आणि जुळवणी

इंजिनाची क्षमता सुधारण्याच्या क्रियेस मराठी कारागिरांच्या बोलीत ‘ट्यूनिंग’ म्हणतात. ही संज्ञा मूळची संगीतातील होय. तंबोरा लावताना तारांची संख्या वाढवावयाची नसते. असलेल्या तारांचा परस्परमेळ साधावयाचा असतो. अल्प खर्चात गाडीची ओढ वाढवू इच्छिणाऱ्याने हा मूळ अर्थ ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

घरी मोटार बांधण्याचे प्रयत्न महाराष्ट्रास नवे नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ मध्ये ‘मीरा’ या छोट्या गाडीची जुळवाजुळव आरंभिली आणि १९४९ मध्ये तिचा पहिला नमुना सिद्ध केला. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत बांधलेली, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी गाडी २०२१ मध्ये देशभर गाजली. गाडी अल्प खर्चात चालू करता येते, हे यावरून सिद्ध होते. ती अल्प खर्चातच अधिक चांगली कशी चालेल, हा पुढचा प्रश्न होय.

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी कोणी जुन्या मारुती ८०० चे ७९६ घनसेंटिमीटरचे, सुमारे ३७ अश्वशक्तीचे कार्बोरेटरयुक्त इंजिन घेऊन गाडी बांधली, असे समजू. इंजिनाची शक्ती त्यात शिरणाऱ्या हवेच्या वजनावर अवलंबून असते. खानदेशात वैशाखात तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. २५ अंशांवरील हवेच्या तुलनेने ही हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. इंजिनाच्या खोलीतील हवा तर याहूनही तप्त. म्हणून हवेची नळी रेडिएटरच्या मागून न घेता पुढील बाजूने बाहेर काढणे, ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय. काळ्या मातीची धूळ जेथे उडते तेथे एअर फिल्टर काढून टाकणे मात्र आत्मघातकीपणाचे आहे. धुळीने सिलिंडर झिजतो आणि मिळविलेली शक्ती पुन्हा गमावली जाते.

यानंतर गळती शोधावयाची. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मापणे, टॅपेटचे अंतर ठीक करणे, प्लग व पॉइंट साफ करणे आणि ठिणगीची वेळ साधणे, या कामांना मुख्यतः मजुरीच लागते. तिन्ही सिलिंडरांची मापे परस्परांशी जुळत नसतील, तर अन्य कोणताही खर्च व्यर्थ समजावा.

तिसरी बाब मिश्रणाची. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. अर्थात तेवढ्याच हवेस वजनाने सुमारे ९ टक्के अधिक इंधन हवे. जुन्या कार्बोरेटरचे जेट त्या मानाने लहान पडते. प्लगचे टोक पांढरट दिसल्यास मिश्रण पातळ आहे, काळे काजळलेले दिसल्यास दाट आहे, आणि फिकट तपकिरी असल्यास योग्य आहे, असे समजावे. रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या बसवाव्यात.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढविण्याचा मोह अनेकांना होतो. एका सिलिंडरचे आकारमान २६५ घनसेंटिमीटर आणि ज्वलनकक्षाचे ३५ धरल्यास संपीडन-गुणोत्तर ८.६ येते. कक्ष ३१ केल्यास ते ९.५ होते, पण सैद्धांतिक कार्यक्षमता जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. उलट, उन्हाळ्यातील तप्त हवेत नॉकिंगचा धोका बळावतो.

येथे ‘पिकअप’ या शब्दाचा उलगडा आवश्यक आहे. गाडी ‘पिकअप घेत नाही’ या तक्रारीत कमी फेऱ्यांवरील पिळाचे बल अभिप्रेत असते, तर मोठा कार्बोरेटर व रुंद सायलेंसर यांचा लाभ मुख्यतः जास्त फेऱ्यांवर मिळतो. एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी सुचविल्या जात असल्याने ग्राहक हवी ती सोडून नको ती वस्तू विकत घेतो.

खरा पिकअप वजनात दडलेला असतो. साडेसहाशे किलोंची गाडी पाचशे किलोंवर आणल्यास ३७ अश्वशक्तीचे इंजिन जड गाडीतील ४८ अश्वशक्तीच्या इंजिनाइतकी चपळता देते. घरी सांगाडा बांधणाऱ्यास हा लाभ आरंभीच साधता येतो. मात्र जोडांची व सांगाड्याची मजबुती त्यासाठी बळी देता कामा नये.

वेग वाढला की ब्रेकची जबाबदारी वाढते. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, तर थांबविताना शोषावयाची ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. म्हणून ब्रेकचा खर्च इंजिनाच्या खर्चाआधी मांडावा. कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि नव्या बनावटीच्या वाहनास मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेचे प्रमाणपत्र लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय. तोवर अशा गाडीचे स्थान सार्वजनिक रस्त्यावर नसून खाजगी आवारात आहे.

तात्पर्य, हवा, ठिणगी, इंधन आणि वजन यांचा मेळ आधी साधावा. सुटे भाग त्यानंतर घ्यावेत. हा क्रम उलटल्यास पैसा खर्च होतो, आणि इंजिन मात्र बेसूरच राहते.