पहिलारू कालवडीची अडलेली वीण

पहिलारू कालवड अडली असता घाई आणि दिरंगाई या दोन्ही जिवावर बेततात. पाणमोट फुटल्यावर तळवे खाली असलेले पुढचे दोन खूर व त्यांवर टेकलेले नाक दिसले, तर वासराची ठेवण योग्य समजावी. एकच पाय किंवा केवळ शेपूट दिसत असेल, अथवा तासाभरात प्रगती नसेल, तर ओढाताण न करता पशुवैद्यकास बोलवावे. गर्भाशयमुख उघडल्याची खात्री न करता कळा वाढवणारे इंजेक्शन देऊ नये; गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

ठेवण योग्य असल्यास स्वच्छ हातांनी भरपूर वंगण लावून, केवळ कळेबरोबर, पाय आळीपाळीने ओढावेत. डोके बाहेर आल्यावर ओढ खालच्या दिशेने द्यावी. जन्मताच नाकातोंडातील चिकटा पुसावा, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि दोन तासांच्या आत चीक पाजावा.

वासरू उभे राहिले म्हणजे संकट टळले असे नव्हे. फाटलेल्या योनिमार्गाकडे व ओल्या नाळेकडे क्रायसोमिया बेझियाना ही माशी आकृष्ट होते. जखमेच्या कडेस घातलेल्या अंड्यांतून साधारण दिवसभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांस पोखरतात. म्हणून जखम व नाळ पूर्ण सुकेपर्यंत दोन्ही वेळा तपासणे, हाही प्रसूतिसेवेचाच भाग होय.