विजेची गाडी चढावर कशी ओढेल?

रत्नागिरीची जमीन कशी आहे ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. वर सडा, खाली वाडी आणि मध्ये चढउतार. सपाट वाट चार पावलं मिळाली तर नशीब! आंब्याचा हंगाम आला की बागेतले क्रेट वरच्या रस्त्यापर्यंत न्यायचे असतात. ते डोक्यावर नेले तर मान मोडते. मजुरी द्यायची म्हटली तर फळाचे पैसे तिच्यातच जातात. मग मनात येते, एखादी लहान विजेची गाडी असती तर?

अशी गाडी असते. गोल्फ नावाचा एक खेळ आहे. त्याचे मैदान फार मोठे असते. मैदानावर माणसांनी फिरावे म्हणून बॅटरीवर चालणारी लहान गाडी काढली. तिला गोल्फ कार्ट म्हणतात. मोठ्या हॉटेलांतूनही अशा गाड्या फिरतात. जुनी झाली की ती विकायला निघते. पण ही गाडी हिरवळीवरून माणसे नेण्यासाठी बनवलेली आहे. तिने आपल्या चढावर ओझे ओढावे असे वाटत असेल, तर तिच्यात काय बदलावे आणि काय बदलू नये, ते आपण पाहू.

आधी हिशोब करा

समजा, रिकामी गाडी 450 किलोची आहे. चालवणारा 70 किलोचा. वर 20 किलोचे 14 क्रेट, म्हणजे 280 किलो. एकूण झाले 800 किलो. मातीच्या सपाट वाटेवर ही गाडी ढकलत न्यायला सुमारे 30 किलोचा जोर पुरतो. आता चढ घ्या. दहा हात पुढे गेले की एक हात वर जाणारा चढ. तिथे एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 80 किलो जोर आणखी लागतो. 80 आणि 30 मिळून 110. सपाटीच्या जवळजवळ चौपट!

म्हणून सपाटीवर धावणारी गाडी चढावर रडते. तिचा दोष नाही. बैलगाडीचंच बघा ना! घाटी आली की आपण ओझे कमी करतो, नाहीतर आणखी एक जोडी जुंपतो. रेल्वेसुद्धा हेच करते. बोरघाटात गाडीला मागून जादा इंजिने लावतात.

चाक फिरवण्याच्या या जोराला मेस्त्री लोक टॉर्क म्हणतात. आपण त्याला ओढ म्हणू.

दाते बदला, ओढ वाढेल

मोटर फार वेगाने फिरते. चाक सावकाश फिरते. दोघांच्या मध्ये दात्यांची चाके असतात. पुष्कळ गोल्फ कार्टमध्ये मोटर सुमारे 12 वेळा फिरली की चाक एकदा फिरते. हे दाते बदलून 12 च्या जागी 16 केले, तर तेवढ्याच ओझ्याला मोटरला पाऊणपटच जोर लावावा लागतो. मात्र गाडीचा वेगही पाऊणपट होतो. ताशी 20 किलोमीटर जाणारी गाडी 15 जाईल. बागेत कोणाला घाई आहे? ओढ हवी तर वेग सोडावा लागतो. दोन्ही फुकट मिळत नाहीत.

चाकाचेही तसेच आहे. दिसायला बरी म्हणून काही जण मोठी चाके बसवतात. 18 इंचांच्या जागी 22 इंचांचे चाक बसवले, तर ओढ सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. ओझ्याच्या गाडीला चाक लहानच ठेवा. टायरची नक्षी मात्र खोल असू द्या. ओढ कितीही असली तरी ओल्या तांबड्या मातीत चाक घसरले तर ती वाया जाते.

दाब आणि प्रवाह

विजेच्या दोन गोष्टी ओळखून ठेवा. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. विजेच्या दाबाला व्होल्ट म्हणतात. नळातून किती पाणी वाहते तो प्रवाह. विजेच्या प्रवाहाला अँपिअर म्हणतात.

मोटरची ओढ प्रवाहावर अवलंबून असते, आणि वेग मुख्यतः दाबावर. पुष्कळांचा समज असा, की आणखी बॅटऱ्या जोडून व्होल्ट वाढवले की ओढ वाढेल. वाढतो तो वेग. ओढ वाढवायची तर जास्त अँपिअर सोडणारा कंट्रोलर लागतो. कंट्रोलर हा मोटरकडे जाणाऱ्या विजेचा नळ समजा.

पण एकटा नळ मोठा करून भागत नाही. प्रवाह दुप्पट झाला की वायरीत उष्णता चौपट होते. बारीक वायर वितळते. म्हणून कंट्रोलर मोठा केला तर जाड केबल हवी, मोठा सोलेनॉइड हवा, आणि मोटरही तेवढी सोसणारी हवी. एक वस्तू बदलून बाकीच्या जुन्या ठेवल्या, तर सर्वांत दुबळी वस्तू आधी जळते.

आणखी एक जपा. चढावर गाडी अडली, तर पाय दाबून तिला तशीच धरून ठेवू नका. मोटर फिरत नाही, पण वीज आत शिरतच राहते आणि मोटर जळते. ब्रेक लावा, चाकामागे दगड लावा, दोन क्रेट उतरवा आणि मग पुढे जा. जळका वास आला की लगेच थांबा.

बॅटरीची निगा

अशा गाडीत बहुधा शिशाच्या बॅटऱ्या असतात. आठ व्होल्टच्या सहा जोडल्या की 48 व्होल्ट होतात. सगळ्या एका वयाच्या असाव्यात. पाच नव्या आणि एक जुनी जोडली, तर जुनी सगळ्यांना मागे ओढते. निम्म्याहून जास्त रिकाम्या करू नका. काम संपले की रोज पूर्ण चार्ज करा. चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड पाणी पाहा. विहिरीचे पाणी घालू नका.

चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. खोली उघडी ठेवा. जवळ विडी, चूल, दिवा नको. हात लावण्यापूर्वी अंगठी आणि कडे काढून ठेवा. पान्हा दोन टोकांवर पडला तर मोठी ठिणगी उडते.

लिथियमची बॅटरी महाग, पण तिच्यामुळे गाडीचे वजन सुमारे 100 किलोने कमी होते. म्हणजे पाच क्रेट जास्त!

चढवण्याआधी थांबवणे

आता सर्वांत महत्त्वाचे. ओढ वाढली की माणूस ओझे वाढवतो. पण ब्रेक जुनेच असतात. पुष्कळ गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. जी गाडी 800 किलो वर नेते, ती 800 किलो घेऊन खालीही येणार. उतारावर ब्रेक सुटला तर ती ना माणूस बघणार, ना गडगा. म्हणून आधी ब्रेक दुरुस्त करा, नंतरच मोटरला हात घाला. ओझे खाली आणि मधोमध ठेवा. मागे लटकवले तर चढावर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळत नाही. बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा जास्त भरू नका.

कायदाही ध्यानात ठेवा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदलेल्या गाडीत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. बागेत वापरायची गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणू नका.

माथेरानचा धडा

रायगड जिल्ह्यात माथेरानच्या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. तिथे वर्षानुवर्षे माणसेच माणसांना हातरिक्षातून ओढून नेत. 2022 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. 2025 च्या ऑगस्टात न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, असेही सांगितले.

माणसाच्या छातीवरचे ओझे यंत्राने घ्यावे, हे चांगलेच. पण यंत्राचीही छाती असते. तिचा हिशोब आपण करायचा.

विचार करा

1. तुमच्या वाटेवर दहा हातांत किती चढ आहे? दोरी आणि काठी घेऊन मोजा.
2. गाडी आणि ओझे मिळून 600 किलो असतील, तर त्या चढावर किती जास्त जोर लागेल?
3. आधी ब्रेक का पाहावा? घरात सर्वांना समजावून सांगा.