जुनी जीप विकताना भाव कसा सांगावा?



बैल विकायचा झाला तर आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. दात, खूर, वशिंड आणि चाल पाहिली की अंदाज येतो. पण आजोबांच्या वेळची जीप किंवा फियाट विकायची वेळ आली की घरात गोंधळ उडतो. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो. मुंबईला शिकणारा पुतण्या फोनवर जाहिरात दाखवून म्हणतो, "काका, अशीच गाडी बारा लाखांना लावली आहे." एक म्हणतो तीस हजार, दुसरा म्हणतो बारा लाख. मग खरे काय मानावे?

आपला चारोटी नाका मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. याच रस्त्याच्या अहमदाबादच्या टोकाला, कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या शंभराहून अधिक जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे. जुन्या गाड्यांचे हौशी लोक या रस्त्याने जातात-येतात आणि अशा गाडीला गिऱ्हाईक येते तेही अवचित. म्हणून पेंढ्याच्या उडवीशेजारी जुनी गाडी उभी असेल, तर तिचा भाव आधीच घरी बसून काढून ठेवावा.

वय म्हणजे भाव नव्हे

जितकी जुनी तितकी महाग, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' नावाच्या दीड कोटी गाड्या काढल्या. त्या वयाने मोठ्या असल्या तरी संख्या उदंड, म्हणून साध्या गाडीचा भाव बेताचाच राहतो. उलट १९५५ सालची मर्सिडीझची एक शर्यतीची गाडी २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना, म्हणजे सुमारे अकराशे कोटी रुपयांना गेली. तशा गाड्या दोनच बनल्या होत्या. भाव ठरतो तो दुर्मिळपणा, मूळ स्थिती आणि मागणी या तिन्हींवर.

आपली गाडी ओळखा

महिंद्र कंपनीने १९४७ नंतर विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी सैन्यासाठी जीपा बनवल्या होत्या. हौशी माणूस या लष्करी जीपला अधिक भाव देतो. ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजा. लष्करी जीपला सहसा नऊ फटी असतात, नागरी जीपला सात. फोर्डच्या लष्करी जीपच्या भागांवर आणि बोल्टांच्या डोक्यांवर इंग्रजी 'एफ' अक्षर असते. मात्र जाळी बदललेलीही असू शकते, म्हणून चासी नंबर आणि डॅशबोर्डवरील पाटी पाहूनच खात्री करावी.

दुसरी गोष्ट इंजिनाची. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवले. शेतीच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. पण संग्राहकाच्या लेखी गाडी त्याच दिवशी एक पायरी खाली उतरली. मूळ इंजिन पडवीत पडले असेल तर ते आधी भंगारात घालू नका. गाडीबरोबर दिले तर भाव वाढतो. मूळ दिवे, मीटर, जॅक, हत्यारांची पेटी आणि जुनी नंबराची पाटी यांनाही हेच लागू.

प्रतवारी करा

चिकू आपण लहान-मोठा, डागी-बिनडागी असा निवडतो. परदेशातील दरपुस्तिकांतही गाडीची अशीच प्रतवारी करून प्रत्येक प्रतीचा वेगळा भाव देतात. आपण चार प्रती धराव्यात. पहिली, मूळ भागांसह प्रदर्शनात मांडण्याजोगी. दुसरी, चालती आणि नीटनेटकी. तिसरी, बंद पण पुरी. चौथी, अर्धे भाग गेलेली, सुट्या भागांसाठी उपयोगी. उडवीशेजारची गाडी बहुधा तिसरी किंवा चौथी असते. जाहिरातीतील बारा लाखांची बहुधा पहिली. तिचा भाव हिला लावणे म्हणजे डागी मालाला निवडक मालाचा भाव मागणे होय.

आणि जाहिरातीतला आकडा हा सांगितलेला भाव असतो, बसलेला नव्हे. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवतात आणि तोंडाने बोललेला आकडा कुणी खरा धरत नाही. तसेच येथे समजावे. एकदोन जुन्या मेस्त्रींना आणि मोटार क्लबच्या माणसांना विचारा, "अशी गाडी शेवटी कितीला गेली?" तीनचार उत्तरे मिळाली की अंदाज पक्का होतो.

कागद म्हणजे अर्धी किंमत

आर.सी. बुक, विमा, कराच्या पावत्या शोधून एका पिशवीत ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण लागते. थकलेला कर आणि दंड कुणी भरायचा ते आधी ठरवा. गाडी मयत वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून ती आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी. त्यास सर्व वारसांची संमती लागते, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. ही गोष्ट सौद्याच्या दिवशी निघाली तर गाडीही जाते आणि नातेही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे होऊन गेलेली, मूळ स्वरूपातील, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची. पूर्वी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. डिझेलचे इंजिन बसवलेली जीप या नियमात बसणे कठीण, हे लक्षात ठेवावे.

आता हिशेब

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, आपल्यासारखीच पण चालती जीप खरोखर ६,००,००० रुपयांना गेली. आपली बंद आहे. मेस्त्रीने इंजिनाला १,००,०००, पत्रा व रंगाला ८०,०००, टायर व वायरिंगला ३०,००० आणि कागदांना २०,००० खर्च सांगितला. एकूण २,३०,००० झाले. ते वजा जाता ३,७०,००० उरतात. गाडी उघडल्यावर नवे दुखणे निघू शकते. त्या जोखमीपोटी ४०,००० सोडा. रास्त भाव ३,३०,००० आला. घासाघीस धरून ३,६०,००० सांगावे आणि ३,००,००० च्या खाली येऊ नये. एक टन लोखंडाचे, ३० रुपये किलोने, ३०,००० होतात. हिशेब न करता गाडी देणाऱ्याच्या हाती तेवढेच पडतात.

काढलेल्या भावापेक्षा दुप्पट सांगण्यातही शहाणपण नाही. खरे गिऱ्हाईक एक शब्द न बोलता निघून जाते, आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत पत्रा आणखी गंजतो.

सौदा करताना

इसार घेतला तर पावती द्या आणि मुदत लिहा. बाकी रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका. फॉर्म २९ व ३० वर कोऱ्या सह्या करू नका. मालकी बदलल्याची सूचना विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात विकल्यास ४५ दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. आपल्याकडून गाडी बहुधा गुजरातेतही जाईल, म्हणून हे विशेष जपावे. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

हा हिशेब एका कागदावर मांडा, घरच्या सर्वांना, विशेषतः मायबहिणींना, वाचून दाखवा आणि आर.सी. बुकाच्या पिशवीत ठेवा. गिऱ्हाईक आले की तो कागद पाहूनच भाव सांगावा.