मोबाईलचा स्टँड घेताना आधी हलवून पाहा

गेल्या ऊस हंगामातली गोष्ट. दिवस मावळायला आलेला, रस्त्यावर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. प्रस्तुत लेखकाच्या मोटारसायकलच्या हॅण्डलला दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा स्टँड आणि त्यात तेरा हजारांचा मोबाईल. गतिरोधकावर गाडी उडाली, स्टँडची मान तुटली आणि फोन डांबरावर. मागच्या ट्रॉलीवाल्याने वेळीच ब्रेक मारला. फोन वाचला आणि तो उचलायला वाकलेला माणूसही वाचला. ट्रॉलीवाल्याचे शब्द मात्र इथे छापण्याजोगे नाहीत.

तेव्हापासून कुणी स्टँड घ्यायला निघाला की आम्ही त्याला एकच सांगतो. बाबा रे, डांबरी रस्त्याचा विचार करू नकोस, पाणंदीचा कर. दुकानात काउंटरवर सगळेच स्टँड घट्ट दिसतात. त्यात आपला फोन, कव्हरसकट, बसवायला लावा आणि स्टँड उलटा धरून जोराने झटका द्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान पाहा. फोन दोनच बाजूंनी दाबणारा स्टँड टाळावा. चारही कोपरे धरणारा, आतून रबर असलेला बरा. सगळ्यात आधी तुटते ती मान, म्हणजे फोन फिरवायचा गोल सांधा. तो धातूचा असावा आणि पान्याने आवळता यावा. नुसत्या हाताने फिरवायच्या चकत्या हादऱ्याने आपोआप ढिल्या होतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा तपासाव्यात.

बसवायच्या जागा दोन. एक आरशाच्या दांडीला, दुसरी हॅण्डलच्या पाइपला. आरशाच्या बोल्टखाली कडी घालून बसवणे सोपे, पण तिथे हादरे जास्त. हॅण्डलच्या मधल्या भागाजवळ, जिथे पाइप चिमट्यांनी पकडलेला असतो, तिथे ते कमी बसतात. बऱ्याच गाड्यांचा हा पाइप सुमारे २२ मिलिमीटर जाडीचा असतो. पट्टा सैल वाटला तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, सरकत नाही. नंतर हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. क्लचची वायर अडकते का, फोन टाकीला लागतो का, मीटर झाकतो का, हे घरीच कळलेले बरे.

फोन पडला नाही म्हणजे काम झाले असे नाही. अॅपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना सूचना दिली होती की, मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलींच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, म्हणून फोन थेट हॅण्डलला बांधू नये. फोटो स्थिर येण्यासाठी भिंग हलवणारी जी बारीक यंत्रणा आत असते, तिला हे हादरे सोसत नाहीत. अशी यंत्रणा इतर कंपन्यांच्या बऱ्याच फोनमध्येही असते. मोपेड, स्कूटरचे हादरे कमी, तरी त्यांनाही हादरे शोषणारा स्टँड वापरा आणि रोज फार वेळ फोन लावून ठेवू नका, असे कंपनीचे म्हणणे होते.

आपल्याला याचे काय, असे कुणी म्हणेल. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढणे शेतकऱ्याच्याच माथी आले. कॅमेराच धूसर झाला तर ज्वारी कोणती आणि गवत कोणते? गावोगाव फिरणाऱ्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचीही तीच अडचण. तेव्हा हादरे शोषणारी रबरी गादी असलेल्या स्टँडला चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत. आणि डांबर संपले की फोन काढून छातीच्या खिशात ठेवावा. शेताची वाट कुणाला नकाशात बघावी लागते?

कायद्याचेही ध्यानात असू द्या. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यापुरता करता येतो, तोही लक्ष विचलित न होता. स्टँड लावला म्हणून व्हॉट्सअॅप वाचायची मुभा मिळत नाही.

राहता राहिली पारदर्शक पिशवी. पावसात ती कामाची, पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात आतला फोन तापून बंद पडतो. उन्हाळ्यात उघडा स्टँडच बरा, आणि गाडी पारावर लावताना फोन काढून घ्यायला विसरू नये.